एका मोळ्याला किती नारळ? (ताहिती, १७६७ आणि पुढे)

दर्याकिनारी (धागाकर्ता) · शनिवार, रात्री १०:१२

मर्चंट नेव्हीत होतो तेव्हा एकदा आमचं जहाज दक्षिण प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर, पापेएते बंदराला लागलं होतं. एक दिवस सुट्टी मिळाली, ती मटावाईच्या उपसागरावर घालवली. काळी वाळू, टोकावर दीपगृह, पाण्यात डुंबणारी पोरं. बरोबर आमचा सेकंड इंजिनियर होता. शहाळं पिता पिता म्हणाला, "इथलेच ना ते, एका खिळ्याला अख्खं डुक्कर देणारे? कसले भोळे लोक!" मी हसलो आणि विषय सोडून दिला. पण तो 'भोळे' शब्द काही डोक्यातून जाईना. निवृत्त झाल्यावर त्या काळच्या दर्यावर्दींच्या रोजनिश्या वाचायला घेतल्या आणि तेव्हा हसायला नको होतं, असं वाटायला लागलं. आज लिहायला बसलोय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

जून १७६७. इंग्रजी आरमाराचं 'डॉल्फिन' जहाज, कप्तान सॅम्युएल वॉलिस. आदल्या ऑगस्टमध्ये प्लिमथहून निघालेलं. मॅगेलनच्या सामुद्रधुनीतच यांचे चार महिने गेले. माणसं स्कर्व्हीने (ताजी फळं-भाजी न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने) खंगलेली, कप्तान अंथरुणाला खिळलेला, त्याच्या हाताखालचा पहिला लेफ्टनंटही आजारी. अशात समोर हिरवेगार डोंगर दिसले. दक्षिणेचा तो सगळे शोधत होते तो अज्ञात खंड हाच, असंही काहींना वाटून गेलं.

जहाजावर खायची बोंब, पाणी संपत आलेलं. गरज कोणाला होती, हे आधी ध्यानात घ्या.

पहिले दिवस बरे गेले. होड्या यायच्या, कोणी केळीची फांदी हातात धरून भाषण करायचा आणि ती पाण्यात टाकायचा. तुरळक देवाणघेवाण व्हायची, चोऱ्याही व्हायच्या. मग २४ जूनला शेकडो होड्यांनी जहाजाला गराडा घातला आणि इशारा होताच दगडांचा वर्षाव सुरू झाला. इंग्रजांनी तोफा डागल्या. किती मेले त्याचा नीट हिशेब कोणी ठेवला नाही. नंतर लेफ्टनंट टोबायस फर्नोने किनाऱ्यावर काठी रोवून लाल निशाण फडकवलं, बेट इंग्लंडच्या राजाचं झाल्याचं जाहीर केलं. पुन्हा माणसं जमली, पुन्हा तोफा. आणि वर सुतारांना कुऱ्हाडी देऊन किनाऱ्यावर ओढलेल्या पन्नासाहून जास्त होड्या फोडायला लावल्या. होडी फोडणं म्हणजे काय, ते कोळीवाड्यात जाऊन विचारा.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

काही माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन किनाऱ्यावर आली. डहाळ्या रोवल्या, मग डुकरं, पाय बांधलेले कुत्रे आणि झाडाच्या सालीच्या कापडाचे गठ्ठे आणून ठेवले आणि मागे सरली. इंग्रजांनी डुकरं उचलली, कुत्रे सोडून दिले, कापड आपल्या काय कामाचं म्हणून तिथेच ठेवलं. मोबदला म्हणून कुऱ्हाडी, खिळे वगैरे मांडले आणि परत गेले. बेटावरच्या लोकांनी त्या लोखंडाला हात लावला नाही. आणखी दोन डुकरं आणून ठेवली आणि खुणेने सांगू लागले, कापड न्या. इंग्रजांनी पुन्हा नुसती डुकरंच नेली. लोखंड तसंच पडलेलं. शेवटी जहाजावर कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की आपण कापड घेत नाही म्हणून ते लोखंड घेत नाहीत. होडी पाठवून कापड आणलं. त्याच क्षणी ही मंडळी आनंदाने धावत आली आणि सगळं लोखंड उचलून रानात घेऊन गेली.

लग्नात मुलीकडच्यांनी आहेर दिला आणि मुलाकडच्यांनी त्यातली फक्त चांदीची भांडी उचलली, साड्या तशाच ठेवल्या, तर मांडवात काय होईल? तेच झालं होतं. एक बाजू भाव करत होती, दुसरी सोयरीक जुळवत होती.

पुढे नदीकाठी रीतसर बाजार भरू लागला. जहाजाचा तोफखान्याचा प्रमुख एका काठावर, बेटावरचे लोक दुसऱ्या काठावर. एका म्हाताऱ्याने मध्यस्थी केली. आणि आता तो प्रसिद्ध किस्सा. अधिकृत बाजार अन्नासाठी होता, पण खलाशांना बायकांची सोबत हवी होती आणि तिचाही भाव लोखंडातच होता. खलाशांकडे स्वतःचं लोखंड कुठून असणार? त्यांनी जहाजालाच हात घातला. जॉर्ज रॉबर्टसन हा जहाजाचा मास्टर, म्हणजे जहाजाचा मार्ग सांभाळणारा अधिकारी. त्याच्या रोजनिशीत आहे की सुताराने येऊन सांगितलं, दोर अडकवायचे लाकडी ठोकळे उपटून त्यांचे खिळे पळवलेत. मग दुसरा आला: झुले टांगायचे खिळेही गेले, दोन तृतीयांश माणसं डेकवर झोपतायत.

भोळे कोण, सांगा. ज्यावर बसून अर्धी पृथ्वी ओलांडायची ते जहाज आतून उपटणारे, की रोज मोठा खिळा मागून भाव वाढवणारे? कारण भाव वाढत गेला. छोट्या खिळ्यापासून सुरुवात झाली आणि निघेपर्यंत वीतभर लांबीच्या मोळ्यांवर, म्हणजे जाडजूड मोठ्या खिळ्यांवर, गोष्ट गेली.

---

नस्ती उठाठेव · शनिवार, रात्री १०:४०

पहिला! मस्त लिहिलंय. पण 'भोळे नव्हते' हे जरा ताणलेलं वाटतं. या लोकांनी खिळे जमिनीत पेरले होते, झाड येईल म्हणून, असं मी वाचलंय. याला काय म्हणाल?

---

दर्याकिनारी · शनिवार, रात्री ११:०५

@नस्ती उठाठेव, ही गोष्ट येणार हे माहीतच होतं. :) ती पुढच्या शतकात मिशनऱ्यांच्या लिखाणातून जगभर गेली. कोणी एकाने गंमत म्हणून पेरलेही असतील. पण सगळ्या बेटाला लोखंड म्हणजे काय ते कळत नव्हतं, हे काही पटत नाही.

याला कारण आहे. १७२२ मध्ये याकोब रोग्गेवेन या डच दर्यावर्दीच्या ताफ्यातलं एक जहाज तुआमोतू बेटांपैकी टाकापोटोच्या प्रवाळावर फुटलं. ते लोखंड आसपासच्या बेटांवर पसरलं. १७६५ मध्ये जॉन बायरन त्याच टापूत टाकारोआ बेटावर उतरला, तेव्हा त्याला डच होडीच्या सुकाणूचं कोरीव टोक, ठोकलेला लोखंडाचा तुकडा आणि पितळेचा एक तुकडा सापडला. तुआमोतू आणि ताहितीचं जाणंयेणं जुनंच. म्हणजे 'डॉल्फिन' येण्याआधी चाळीसेक वर्षं लोखंडाचे तुकडे आणि त्यांची ख्याती या भागात फिरत होती. ताहितीच्या भाषेत लोखंडाला 'आउरी' म्हणतात. इंग्रज आले तेव्हा त्यांच्याकडे काय मागायचं हे या लोकांना आधीच ठाऊक होतं.

---

वाकसवाला · रविवार, सकाळी ७:२०

मी लेखक नाही, आमच्या घरात तीन पिढ्या होड्या बांधायचं काम. दोन गोष्टी सांगतो.

एक. खिळा आणि मोळा यात फरक आहे. चूक, खिळा, मोळा अशी चढती भाजणी. मोळा म्हणजे नुसता खिळा नव्हे. तापवून, ठोकून त्याचा पटाशीसारखा पाता काढता येतो. टोक घासून भोक पाडायचं हत्यार होतं. वाकवला की गळ. तुम्ही म्हणता तो वीतभर मोळा म्हणजे सुताराच्या दृष्टीने अर्धी पेटी.

दोन. या लोकांच्या होड्या शिवलेल्या असायच्या ना? म्हणजे फळीला भोकं पाडून काथ्याने आवळलेल्या? आपल्याकडेही पूर्वी शिवलेली गलबतं होती. आजोबा सांगायचे, शिवलेल्या होडीत सगळा वेळ भोकं पाडण्यात जातो. आता ती भोकं दगडाच्या नाहीतर हाडाच्या टोकाने पाडायची आणि फळी दगडाच्या वाकसाने तासायची. महिनोन्महिने. मग समोर कोणी लोखंडाचा मोळा धरला तर मी एक नाही, दोन डुकरं दिली असती. डुक्कर पुढच्या वर्षी पुन्हा होतं.

अवांतर: उलांडी (होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेला ओंडका) तिकडे एका बाजूला असते की दोन्ही?

---

दर्याकिनारी · रविवार, सकाळी ८:०२

@वाकसवाला, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. होय, फळ्या नारळाच्या काथ्याने शिवलेल्या. उलांडी एकाच बाजूला. मोठ्या होड्यांना उलांडी नाहीच, दोन होड्या शेजारी शेजारी आडव्या दांड्यांनी जोडायच्या. १७७४ मध्ये इंग्रज कप्तान जेम्स कुकने ताहितीवरच्या पारे इथे लढाईसाठी जमलेला ताफा पाहिला, त्यात अशा १६० मोठ्या जोडहोड्या आणि १७० लहान मोजल्या. सगळं दगडी हत्यारांवर पोसलेलं काम, नुकतं कुठे लोखंड मिळू लागलेलं.

---

रुपया आणा पै · रविवार, सकाळी ११:३१

अर्थशास्त्राचा मास्तर असल्याने राहवत नाही. या बाजाराचे भाव चक्क लिहून ठेवलेले आहेत. १७६९ मध्ये कुक 'एंडेव्हर' घेऊन शुक्राचं अधिक्रमण (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना) पाहायला तिथेच आला, एप्रिल ते जुलै तीन महिने राहिला. श्रीमंत घरातला जोसेफ बँक्स बरोबर होता आणि बाजारहाट तोच बघायचा. मे महिन्यात एका सकाळी साडेसहाच्या आत त्याने ३५० नारळ घेतले. एवढी आवक बघून त्याने भाव पाडला. तरी रात्रीपर्यंत हजाराच्या वर नारळ झाले. भाव असा: पिवळसर मण्याला ६, पांढऱ्या मण्याला १०, मोठ्या खिळ्याला २०.

कुकला 'डॉल्फिन'ची कथा माहीत होती. त्याच्याकडे तिथे जाऊन आलेली माणसंही होती. म्हणून त्याने पोचल्या पोचल्या नियम लावले: व्यापार नेमलेल्या माणसानेच करायचा, लोखंड आणि कापड अन्नाशिवाय कशासाठीही द्यायचं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याला चलनफुगवटा रोखायचा होता. जून महिन्यात कोठार फोडून मोळे चोरीला गेलेच. आर्चिबाल्ड वुल्फ नावाच्या खलाशाकडे त्यातले काही सापडले, त्याला २४ फटके. बाकीचा माल कुठे गेला ते त्याने सांगितलं नाही.

पण खरी मजा लाल पिसांची. ताहितीत लाल पिसं म्हणजे देवाची वस्तू. ओरो देवाच्या पूजेत लागायची, सर्वोच्च सरदाराच्या कमरपट्ट्यात, म्हणजे 'मारो उरा'त, विणलेली असायची. बेटावर ती दुर्मीळ. दुसऱ्या सफरीत कुकच्या माणसांनी टोंगा बेटांवरून सहज म्हणून काही पिसं घेतली होती. १७७४ मध्ये ती ताहितीत निघाली आणि लोक अक्षरशः तुटून पडले. पहिल्या सफरीत कशालाही न विकलेले शोकविधीचे पोशाख आता पिसांवर मिळायला लागले. तिसऱ्या सफरीत, १७७७ मध्ये, सगळे खलाशी पिसं भरूनच आले. कुक लिहितो की एका चिमुकल्या पक्ष्याच्या अंगावर असतील एवढ्या पिसांना चाळीस-पन्नास पौंडांचं डुक्कर मिळत होतं. मात्र जहाजावरच्या प्रत्येकाकडेच पिसं होती, त्यामुळे रात्र पडायच्या आत भाव पाच पटींहून खाली कोसळला.

एका दिवसात! आणि म्हणे यांना बाजार कळत नव्हता.

---

कावळोबा · रविवार, दुपारी १२:०९

अहो मास्तर, त्याच न्यायाने टोंगावाल्यांना कमी भावात पिसं विकल्याबद्दल भोळे म्हणावं लागेल. =))

---

रुपया आणा पै · रविवार, दुपारी १२:१५

नाही. कोकणात आंबा आणि लंडनमध्ये आंबा. माल जिथे पिकतो तिथे स्वस्तच. इथे युरोपियन जहाज टोंगाचा माल ताहितीला पोचवणारं भाड्याचं गलबत झालं होतं, हे जास्त लक्षात घ्या.

---

मैथिली_ठाणे · रविवार, दुपारी ३:४८

धागा वाचनीय आहे, माहिती उत्तम. पण सगळे खिळ्यांची गंमत सांगताहेत आणि मला त्यात गंमत दिसत नाहीये.

क्रम बघा. आधी तोफा, मग होड्या फोडणं, मग हिरव्या डहाळ्या, आणि मग बायका. रॉबर्टसनच्याच नोंदींत बायकांना पुढे पाठवणारे वयस्क पुरुष दिसतात. एकजण म्हणे काडी दाखवून खिळा किती लांब हवा ते सांगायचा. त्या बायकांचं म्हणणं कुठल्या रोजनिशीत आहे? समोरच्याकडे तोफा आहेत आणि त्याला काय दिलं की तो शांत राहतो हे समाजाने शोधून काढलं, तर त्याला 'भाव वाढवणारे हुशार व्यापारी' म्हणायचं का? भोळे नव्हते हे मान्य. पण भोळे नव्हते म्हणजे बरोबरीचे होते असं होत नाही.

आणि खिळ्यांबरोबर जे मिळालं त्याचं काय? गुप्तरोग कोणी आणले यावर इंग्रज फ्रेंचांकडे आणि फ्रेंच इंग्रजांकडे बोट दाखवत बसले. भोगले कोणी?

---

दर्याकिनारी · रविवार, संध्याकाळी ६:३०

@मैथिली_ठाणे, मान्य. तो किस्सा मी खलाशांच्या अंगाने सांगितला, कारण लिहून त्यांनी ठेवलंय. शीर्षकातला सवाल सोपा होता, तुम्ही अवघड केलात. ते बरंच झालं.

एक भर घालतो. 'डॉल्फिन' गेल्यावर आठ-नऊ महिन्यांत, एप्रिल १७६८ मध्ये, बूगेनव्हिलची दोन फ्रेंच जहाजं बेटाच्या पूर्वेला हितिआ इथे आली. त्यांना तोफा डागाव्याच लागल्या नाहीत, पहिल्या दिवसापासून हसतमुख स्वागत. बूगेनव्हिलने बेटाला प्रेमदेवतेच्या बेटाचं नाव दिलं, आणि 'ताहिती म्हणजे स्वर्ग' ही युरोपातली कल्पना बरीचशी तिथून सुरू झाली. ज्या स्वागताला तो निसर्गाचा निरागसपणा समजला, त्याच्या मागे मटावाईच्या तोफा होत्या असं मला वाटतं. बेट केवढंसं, सगळ्यांना सगळं कळलेलं असणार.

त्याच्याबरोबर आहुतोरू नावाचा तरुण पॅरिसला गेला. परतीच्या वाटेवर १७७१ मध्ये मादागास्करजवळ देवीच्या रोगाने गेला. लोकसंख्येचं म्हणाल तर कुकच्या काळातले अंदाज फारच फुगवलेले आहेत, पण १७९७ मध्ये 'डफ' जहाजातून आलेल्या मिशनऱ्यांनी मोजलं तेव्हा आकडा सोळा हजारांच्या आसपास आला. तीसच वर्षं झाली होती.

---

ऑकलंडकर · सोमवार, पहाटे ४:५५ (तुमच्या वेळेनुसार)

इथे न्यूझीलंडमध्ये राहत असल्याने तुपाइयाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आश्चर्य आहे, अजून कोणी नाव काढलं नाही.

तुपाइया हा ताहितीजवळच्या राइआतेआ बेटाचा, ओरोचा पुजारी आणि नौकानयनाचा जाणकार. १७६९ मध्ये तो कुकच्या जहाजावर चढला. त्याने बेटांचा एक नकाशा करून दिला, त्यात सत्तरच्या वर बेटं आहेत. न्यूझीलंडला पोचल्यावर माओरी लोकांशी बोलू शकणारा जहाजावर तोच एक होता. भाषा इतक्या जवळच्या. माओरींच्या लेखी ते जहाज त्याचंच होतं. कुक पुढच्या सफरीत आला तेव्हा लोकांनी आधी विचारलं, तुपाइया कुठे आहे? तो १७७० मध्ये बटाव्हियात (आजच्या जाकार्तात) वारला होता.

धाग्याशी संबंध असा की तुपाइयाने काढलेलं एक चित्र लंडनला आहे. त्यात एक माओरी माणूस भलामोठा शेवंड (लॉब्स्टर) घेऊन उभा आहे, समोर कोटवाला इंग्रज. दोघांचे हात पुढे आलेले. एकाने शेवंडाची दोरी धरलीय, दुसऱ्याने पांढऱ्या कापडाचा तुकडा, आणि दोघंही आपली वस्तू सोडत नाहीयेत! चित्रकार कोण हे १९९७ पर्यंत माहीत नव्हतं. मग बँक्सचं एक जुनं पत्र उजेडात आलं. त्यात तो म्हणतो, तुपाइयाने माझं चित्र काढलं, माझ्या हातात खिळा होता आणि शेवंड ताब्यात आल्याशिवाय खिळा सोडायचा नाही असं मी ठरवलं होतं.

म्हाताऱ्या बँक्सच्या आठवणीत खिळा, चित्रात कापड. मी चित्रावर विश्वास ठेवतो. आणि त्यातही गंमत अशी की इथे थंडी. कागदी तुतीच्या सालीचं कापड माओरींना जेमतेम मिळायचं, कारण ते झाड इथे नीट वाढत नसे. ताहितीहून आणलेल्या त्या कापडाला इथे लोखंडापेक्षा जास्त मागणी होती. वॉलिसच्या माणसांनी जे किनाऱ्यावर टाकून दिलं होतं, ते हेच.

---

नस्ती उठाठेव · सोमवार, सकाळी ९:१४

बाप रे, हा शेवटचा परिच्छेद. माझे खिळे पेरायचे शब्द मागे घेतो.

---

खवय्या नं. १ · सोमवार, सकाळी १०:०२

एवढा वेळ नारळ नि डुकरं चाललीयत, मुख्य खाणं कोणी सांगेना! तिथली भाकरी म्हणजे नीरफणस. हाच तो, आमच्याकडे परसात असतो, ज्याची रवा लावून कापं करतात. ताहितीत तो आंबवून खड्ड्यात साठवायचे आणि वर्षभर खायचे. कॅरिबियनमधल्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालायला म्हणून इंग्रजांनी त्याची रोपं न्यायचं ठरवलं. कप्तान ब्लायचं 'बाउंटी' जहाज १७८९ मध्ये हजारावर रोपं घेऊन ताहितीहून निघालं, वाटेत बंड झालं आणि रोपं समुद्रात गेली. दुसऱ्या खेपेला पोचली.

आता पावसाळ्यात कापं तळताना मी हे सगळ्यांना ऐकवणार आहे. घरचे आधीच वैतागलेत.

---

सह्याद्रीचा वारा · सोमवार, दुपारी १:४०

किती गोड गोड लिहाल? गोऱ्यांनी लुटलं, बेट बळकावलं, आज तिथे फ्रेंचांचा झेंडा आहे. विषय संपला. खिळ्याची कुशाग्र बुद्धी काय चाटायचीय?

---

रुपया आणा पै · सोमवार, दुपारी २:२५

झेंड्याबद्दल खरं आहे. पण १७६७ ते १८४२, म्हणजे फ्रेंच संरक्षित राज्य होईपर्यंत, ७५ वर्षं आहेत. मधलं गाळून कसं चालेल? १८०१ मध्ये न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर किंग याने 'पॉर्पस' जहाज खारवलेल्या डुकराच्या मांसासाठी ताहितीला पाठवलं. सिडनीच्या कैद्यांच्या वसाहतीला मांस कमी पडत होतं. पुढची पंचवीसेक वर्षं हा व्यापार चालला, आणि मोबदल्यात मुख्यतः काय गेलं? बंदुका. त्या मटावाईच्या बाजूच्या पोमारे घराण्याला मिळाल्या, कारण बंदर त्यांच्या हाती. तोवर बेटावर एकछत्री राजा असा नव्हताच. १८१५ च्या फेइ पीच्या लढाईनंतर पोमारे दुसरा सगळ्या बेटाचा राजा झाला.

म्हणजे मोळ्याने होडी बांधली, बंदुकीने राज्य बांधलं. कोणाचं वाटोळं करून, ते वेगळं. तेही झालंच.

---

मैथिली_ठाणे · सोमवार, दुपारी ४:१०

@रुपया आणा पै, हे पटतं. लुटलं म्हणून थांबलं की बेटावरच्या लोकांचं आपसातलं राजकारणच पुसलं जातं.

अजून एक विचारायचं होतं. सुरुवातीचं ते लाल निशाण. त्याचं पुढे काय झालं?

---

दर्याकिनारी · सोमवार, रात्री ९:३५

हे लिहायचं राहिलंच होतं. ते निशाण बेटावरच्या लोकांनी काढून नेलं. पापाराची राणी पुरेआ हिचं आणि वॉलिसचं चांगलं जमलं होतं, तो निघाला तेव्हा ती रडली अशी नोंद आहे. तिचं घराणं त्या वेळी महाइआतेआ इथे मोठं दगडी देवस्थान उभारत होतं, मुलाला सर्वोच्च पद मिळावं म्हणून. ते लाल कापड मारो उरात, त्या पिसांच्या कमरपट्ट्यात, शिवलं गेलं. लाल रंग देवाचा, आणि हे तर तोफांच्या मालकांचं लाल. पुरेआचा बेत १७६८ च्या लढाईत फसला, पट्टा दुसऱ्यांकडे गेला. १७९२ मध्ये ब्लायने तो पाहून त्याचं चित्र काढलं. तोवर त्यात 'बाउंटी'वरच्या न्हाव्याचे तांबूस केसही गुंफलेले होते. राजाचं निशाण फडकावून बेट आपलं झालं म्हणणाऱ्यांना हे ठाऊकही नव्हतं की निशाण बेटाचं झालंय.

आता शेवटचा किस्सा, आमच्या सेकंड इंजिनियरला सांगायचा राहिलेला.

बूगेनव्हिलला हितिआला वारा आणि प्रवाळ दोन्ही नडले. नऊ-दहा दिवसांत त्याने सहा नांगर गमावले. त्यातला एक ताहितीकरांनी समुद्रातून वर काढला आणि बोराबोरा बेटाचा जबरदस्त सरदार पुनी याला भेट म्हणून पाठवला. डिसेंबर १७७७. कुकची बेटं फिरून झाली होती, उत्तरेला जायचं होतं आणि द्यायला लोखंडी सामान संपत आलेलं. त्याला हा नांगर आठवला. तापवायचा, ठोकायचा, कुऱ्हाडी करायच्या. म्हणून तो मुद्दाम बोराबोराला गेला आणि पुनीपुढे भेटी मांडल्या: एक झगा, सदरा, रुमाल, आरसा, मणी आणि सहा कुऱ्हाडी.

पुनीने हात लावला नाही. म्हणाला, आधी नांगर ताब्यात घ्या, मग बघू. कुकला कळेना. माणसं पाठवली, नांगर आला. मूळचा ७०० पौंडांचा असावा, पण कडी गायब, दोन्ही पंजे गायब, दांड्याचाही तुकडा गेलेला. तेव्हा कुकच्या लक्षात आलं. या मोडक्या नांगराच्या मानाने भेटी फार आहेत, आणि माल न बघता दिल्या तर नंतर हा रागावेल, असं पुनीला वाटलं असणार. कुकने सगळ्या भेटी तशाच पाठवून दिल्या.

---

वाकसवाला · मंगळवार, सकाळी ६:५०

त्या काळचा नांगर म्हणजे घडीव लोखंड, बिडाचा नव्हे. भट्टीत घालून ठोकला की हवं ते होतं. कुकचं बरोबर होतं.

पण कडी आणि पंजे गेलेले म्हणता? कडीचं एक वाकस, पंजाचे दोन-तीन. नांगर समुद्रात पडल्याला साडेनऊ वर्षं झाली होती. पुनीच्या सुतारांनी हवं तेवढं आधीच काढून घेतलं असणार, आणि राहिला दांडा कुकला विकला.